चौथा खिळा

१

"तुळसाबाई, ताबडतोब या," एवढंच बोलून फोन ठेवणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग आहे. का यायचं, जेवून यायचं की उपाशी, काही सांगायचं नाही. डॉक्टर भिकाजी आरेकर त्यातलेच. पण त्या सकाळी त्यांचा आवाज कापत होता, आणि आरेकरांचा आवाज कापताना मी यापूर्वी कधी ऐकला नव्हता. चहा अर्धा टाकला, रिक्षा पकडली आणि शहराबाहेर सड्यावर, उघड्या कातळपठारावर, त्यांची प्रयोगशाळा आहे तिथे जाऊन थडकले.

मी तुळसा शिवलकर. औषध निरीक्षक म्हणून नोकरी केली आणि अर्ध्या कोकणातल्या औषधवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. आता मी निवृत्त होऊन घरी बसलेय असं लोक म्हणतात. बसलेय कुठली? मला बसवतच नाही. ऑक्टोबरचा उकाडा, कातळावरून येणारी झळ आणि त्यात हा अर्धवट फोन. रिक्षातसुद्धा मी दोनदा जागा बदलली.

प्रयोगशाळेच्या दाराबाहेर एक लाकडी फळी आहे. तिच्यावर चार खिळे. आत जाण्याआधी अंगावरचं सगळं तिथे टांगायचं, अंगठी, बांगडी, गंडा, ताईत, काय असेल ते. हा आरेकरांचा नियम. पहिल्या खिळ्यावर काळ्या दोऱ्यातला चांदीचा ताईत होता, खाली नाव मासूमा. दुसऱ्यावर लाल गंडा आणि दोन बांगड्या, नाव दर्शना. तिसरा पाहुण्यांचा, त्यावर कुणाची तरी पुष्कराजाची अंगठी दोऱ्यात ओवून लटकवलेली. चौथ्याखाली आरेकरांचं नाव, आणि खिळा रिकामा.

"माझ्या खिळ्याला टांगायला काही नाही," असं ते येणाऱ्या प्रत्येकाला छाती फुगवून सांगत. कॉलेजाकॉलेजातून अंधश्रद्धेवर भाषणं देणारा माणूस, त्याला ते शोभायचं. आज मात्र ते काही बोलले नाहीत. मी माझी अंगठी काढली तशी त्यांनी मला दंडाला धरून आत नेलं.

टेबलावर पांढरी चिनीमातीची बशी होती. बशीत लालसर तपकिरी पाणी आणि तळाला गुठळ्या.

"हे औषध आहे," आरेकर म्हणाले. "म्हणजे काल संध्याकाळपर्यंत होतं. पिवळंधमक, दुधासारखं एकजीव."

मला त्यातलं थोडं ठाऊक होतं, बाकीचं त्यांनी सांगितलं. काही माणसांच्या आतड्यांना सूज येते, आत जखमा होतात, रक्त पडतं. वर्षानुवर्षं ते दुखणं सुटत नाही. हळदीतलं पिवळं द्रव्य त्या सुजेवर उपयोगी पडेल अशी आशा आहे. पण नुसती हळद खाऊन ते तिथवर पोचत नाही. पाण्यात विरघळत नाही, वाटेतच वाया जातं. म्हणून आरेकरांच्या हाताखालच्या मासूमा डिंगणकरनं त्या द्रव्याचे नॅनोकण केले. एका केसाच्या जाडीत हजारभर कण मावतील इतके बारीक. आणि प्रत्येक कणावर साल चढवली.

"सालीचं काम काय?" मी विचारलं.

"वाट बघणं. पोटातल्या आंबट पाण्यात ती मिटून राहते. पुढे आतड्यात आंबटपणा संपला की उघडते, आणि औषध नेमकं सुजेवर पडतं. उंदरांवर छान उतरलं होतं. आज मुंबईच्या कंपनीचा माणूस पुढच्या तपासणीसाठी बाटल्या न्यायला आला. त्याच्यासमोर मी बाटली उघडली, बशीत ओतली, आणि हे."

"बाटल्या किती?"

"चार. उजेडानं हळद उडते म्हणून तपकिरी काचेच्या. बाहेरून काही दिसत नाही, चारही सारख्या. मी पुढच्या तीन बाजूला सारून मागची काढली. ती ही. उरलेल्या नंतर तपासल्या, त्या ठीक आहेत."

"मग तुमचा संशय कुणावर?"

"संशय नाही, खात्री आहे. मासूमा. तिला हैदराबादच्या कंपनीचं बोलावणं आलंय, आणि ते तिनं माझ्यापासून लपवलं. इथला सौदा मोडायचा, कृती घेऊन तिकडे जायचं. संध्याकाळी प्रयोगशाळेचे विश्वस्त येतायत. तिला काढून टाकल्याचं पत्र मी लिहून ठेवलंय, विद्यापीठालाही जाईल. फक्त पुरावा हवा. तो तुम्ही काढा."

आधी खात्री आणि मग पुरावा. अशा माणसांच्या दुकानांना मी कुलपं ठोकलीयत. मी बशी नाकाजवळ नेली. हळदीचा वास होता. त्याच्याआड दुसरा एक वास होता, ओळखीचा, आणि तो कशाचा ते काही केल्या आठवेना.

२

मासूमा मागच्या जिन्यावर बसली होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, जयगडची पोर, बाप बोटीवर. रडून झालं होतं आणि आता रागाची पाळी होती.

"मी केलं नाही, मॅडम," ती म्हणाली. "पण तुम्ही सरांच्या बोलावण्यावरून आलायत."

"अगो, मी कुणाच्याही बोलावण्यावरून येते. निघते मात्र माझ्या मनानं. हैदराबादचं काय?"

"खरं आहे. मी नाही म्हणून कळवणार होते. सांगितलं असतं तर सर चिडले असते, म्हणून गप्प राहिले. तिथे चुकलं माझं." तिनं ओढणीनं चेहरा पुसला. "त्या पत्रात त्यांनी घातपात लिहिलंय. विद्यापीठात असलं पत्र गेलं की माझी पीएचडी संपली. पुन्हा कुठल्या प्रयोगशाळेत मला कोण उभं करणार? ती साल मी चढवलीय, मॅडम. कितीदा फुटली, कितीदा परत केली. माझंच औषध मी कशाला नासवीन?"

"काल काय झालं, ते सांग."

"संध्याकाळी चारी बाटल्या भरल्या, बुचं लावली, फ्रिजला कुलूप घातलं. किल्ल्या तिघांकडे असतात, सर, मी आणि दर्शना. मग शेवटच्या गाडीनं जयगडला गेले. मी निघताना सर नुकतेच त्यांच्या गावाहून आले होते. माझा भाऊ फैझान फेरीबोटीवर असतो, त्यानं त्यांची गाडी चढवून घेतली होती."

"नंतर इथे कोण होतं?"

"सर होते. रखवालदार गेटवर, त्याला आत यायची परवानगी नाही."

मी जिन्याच्या पायऱ्या चढले, उतरले, परत चढले. मला उभं राहून विचार करता येत नाही.

"तो ताईत तुझा?"

"आजीनं बांधलेला. पहिल्याच दिवशी सरांनी सगळ्यांसमोर काढायला लावला. म्हणाले, इथे पुराव्याशिवाय दुसरा देव नाही. फार वाईट वाटलं होतं. पण नियम सगळ्यांना सारखा होता, म्हणून मी मानला. आता रोज येताना आपसूक काढते." मग ती म्हणाली, "बशीचा तळ नीट बघितलात? गुठळ्यांच्या खाली राखाडी कचकच आहे. माझ्या औषधात राखाडी काही नसतं."

मी तशीच परत आत गेले आणि बशी कलती केली. पोरगी खरं बोलत होती.

३

बाहेरच्या खोलीत दर्शना नागवेकरचं टेबल आहे. टेबलावर देवीची तसबीर, तिच्यासमोर अगरबत्तीचं घर, आणि घराखाली राखेचा लहानसा ढीग. राखाडी. माझे डोळे तिथेच खिळले.

दर्शनाच्या ते लक्षात आलं. बाई हुशार होती आणि स्पष्टही. "बघा, खुशाल बघा. आत न्यायला बंदी, म्हणून इथे लावते. सर येता-जाता टोमणे मारतात, मी ऐकून घेते."

"मासूमाशी तुझं कसं काय?"

"माझं काम कोकमाच्या सालीवर होतं. कंपनीला हळद हवी झाली आणि माझं कपाटात गेलं. आज ती बशी बघून मला बरं वाटलं का, तर हो, घटकाभर वाटलं. मग तिचं तोंड बघितलं आणि लाज वाटली. पण बाटलीला मी हात लावला नाही. काल दुपारीच निघाले, बहिणीचा साखरपुडा होता लांज्याला. किल्ली सरांच्या हातात देऊन गेले, तेही तेव्हा गावाला निघतच होते. आज सकाळी थेट तिथून आले, तेव्हा हा सगळा गोंधळ झालेला होता."

लांज्याला मी फोन लावला. साखरपुडा खरा निघाला. तिच्या मावशीनं मला जेवायलासुद्धा बोलावलं.

म्हणजे दर्शना सुटली आणि मासूमा आणखी अडकली. रात्री किल्ल्या उरल्या दोघांकडेच, एक ती आणि दुसरे मला बोलावणारे आरेकर.

कंपनीचा माणूस रितेश कामेरकर झाडाखाली सिगरेट ओढत येरझाऱ्या घालत होता. पुष्कराजाची अंगठी त्याची. सिगरेटची राख त्यानं झटकली तिकडे माझं लक्ष गेलं, पण हा तर सकाळच्या गाडीनं उतरलेला, त्याच्याकडे किल्लीही नव्हती.

"मॅडम, माझं कुणाशी वैर नाही," तो म्हणाला. "पण औषध एका रात्रीत फुटतं म्हटल्यावर कंपनी घेईल कशाला? मला आज खरं ते कळवावं लागणार."

"बाटली कुणी काढली?"

"सरांनी. मी म्हटलं, पुढचीच द्या ना, सगळ्या सारख्याच आहेत. तर म्हणाले, नाही, पहिली हीच."

दुपार झाली. डोकं चालेना म्हणून कँटीनमध्ये गेले. कँटीन गंगा चालवते. तिनं बांगड्याची आमटी आणि भात पुढ्यात ठेवला आणि आपली तक्रार सुरू केली.

"तुमी तरी खावा, बाय. सायबानं काल रातीपासून म्हावऱ्याला हात लावलान नाय. काल मी सुरमई ठेवली होती, नको बोललान. आज बांगडा, तोपण नको. नुसता वरणभात. म्हावऱ्याशिवाय घास न उतरणारा माणूस तो. पोटात दुखतंय काय इचारलं, तर नाय बोललान."

मी चिंतेत जेवत होते, त्यात आमटी पदरावर सांडली. चरफडत उठले, नळावर पदर धरला, साबण लावला. पिवळा डाग बघता बघता लाल झाला. हळदीचा डाग साबणाला लाल होतो, हे घरातल्या पोरीटोरींना माहीत असतं. मलाही जन्मभर माहीत होतं. तरी मी तो ओला पदर हातात धरून तशीच उभी राहिले. गंगा विचारायला लागली, बाय, काय झाला?

४

लिंबू सोडून बाकी दुनिया लाल करते हळदीला, असं माझी आई म्हणायची. तेवढं काही खरं नाही. साबण, चुना, सोडा, राख, म्हणजे जे आंबटाच्या उलट ते. प्रयोगशाळेत त्यासाठी रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या असतात. मी चांगल्या तीन बाटल्यांतला एकेक थेंब पट्टीवर टाकला. तिन्ही आंबट. मासूमा मुद्दाम आंबट पाण्यात कण ठेवत होती, साल मिटलेली राहावी म्हणून. मग बशीतला थेंब टाकला. पट्टी निळी झाली.

आरेकर माझ्या खांद्यावरून बघत होते.

"कुणीतरी बाटलीत क्षार टाकला," मी म्हटलं. "सालीला वाटलं आतडं आलं. ती उघडली, हळद बाहेर पडली, लाल झाली आणि तळाला बसली."

"मग तेच तर मी म्हणतोय. हे मासूमालाच सुचणार."

"मासूमाच्या हाताशी सोडा आहे, साबण आहे. सोडा पाण्यात विरघळून जातो, मागे काही ठेवत नाही. इथे तर कचकच राहिलीय." मी तळातली चिमूट बोटावर घेऊन चोळली. मऊ लागली, मध्ये एक काळा जळका कण. नाकाशी धरली आणि सकाळपासून छळणारा वास शेवटी सापडला. धूप. "ही राख आहे, डॉक्टर."

 आरेकरांनी बशीकडे बघितलं, मग माझ्या बोटाकडे. खुर्ची ओढून ते बसले. बोलले तेव्हा आवाज अगदी वेगळा होता.

"तुळसाबाई, आता पुरे करू या. मासूमा लहान आहे. मी तिला समजावतो, तिनं आपणहून राजीनामा द्यावा. विद्यापीठाला नको कळवायला. पत्र मी फाडतो. तुम्हाला उगाच त्रास दिला, गाडीनं घरी सोडायला सांगतो."

सकाळी हाच माणूस पोरीच्या रक्ताचा भुकेला होता. राख म्हटल्याबरोबर त्याला दया कुठून आली?  कुणी केलं ते मला त्याच घटकेला कळलं. का केलं ते कळेना. मी प्रयोगशाळेत फेऱ्या मारायला लागले. खिडकीशी गेले, परत आले. गाव, फेरीबोट, धूप, म्हावरं नको.

मग एकदम सगळं जागेवर बसलं, पण मला आनंद झाला नाही. आरेकरांना मी खूप वर्षं ओळखते. मला ते आवडतात.

"गाडी नको," मी म्हटलं. "सगळ्यांना आत बोलवा."

५

चौघं टेबलाभोवती उभी राहिली, आरेकर, मासूमा, दर्शना आणि रितेश. विश्वस्त यायला अजून अवकाश होता.

"मी सकाळपासून चुकीचा प्रश्न विचारत होते," मी सुरुवात केली. "औषधाचं वाईट कुणाला करायचं होतं, असं विचारत होते. पण वाईट करणारा माणूस चारातली एकच बाटली का नासवील? काच तपकिरी, बाहेरून काही दिसत नाही, चारही सारख्या. कंपनीच्या माणसासमोर नेमकी कुठली उघडेल ते त्याला काय ठाऊक? सौदा मोडायचा तर चारही बिघडवायच्या. मासूमानं केलं असतं तर तिनं तेच केलं असतं. तिच्या हाताशी स्वच्छ सोडा होता आणि अख्खी संध्याकाळ होती."

मासूमानं मान वर केली.

"एकाच बाटलीत काहीतरी घातलं, म्हणजे घालणाऱ्याला तीच बाटली महत्त्वाची होती. पहिली बाटली. आणि पहिली कुठली होणार हे ज्याच्या हातात होतं, फक्त त्यालाच ते आधीपासून माहीत. रितेश, तुम्ही पुढची मागितलीत. मिळाली मागची."

रितेश आरेकरांकडे वळला. आरेकर टेबलाकडे बघत होते.

"आता राख. दर्शनाच्या अगरबत्तीची नाही, ती काल दुपारीच लांज्याला गेली आणि किल्ली डॉक्टरांकडे दिली. राखेला धुपाचा वास आहे, देवळातल्या धुपाचा. आमच्याकडे नवी होडी पाण्यात लोटायची असो की मुलगी द्यायची असो, माणूस गावच्या देवीकडे कौल मागायला जातो. उजवा कौल आला की गुरव अंगारा देतो. सांगतो, पहिल्या कामाला लाव, आणि काम पार पडेपर्यंत म्हावरं वर्ज्य. आजारी माणसाला तोच अंगारा चिमूटभर पाण्यातून देतात. औषधात घातला तर नवल काय? ज्यानं घातला त्यानं वाईट करायला नाही घातला. भलं व्हावं म्हणून घातला."

मी आरेकरांकडे वळले.

"डॉक्टर, काल तुम्ही फेरीबोटीनं गावाला गेला होतात. काल रात्रीपासून सुरमई नाही, बांगडा नाही. आणि आज सकाळी, मला आठवतंय तेव्हापासून पहिल्यांदाच, तुम्ही तुमच्या रिकाम्या खिळ्याची बढाई मारली नाहीत." मी हात पुढे केला. "थोडा उरला असेल ना? पाकिटात?"

 मला वाटलं आता हा माणूस मला बाहेर काढील. मग त्यांनी खिशात हात घातला, पाकीट काढलं, आणि पैशांच्या आडून कागदाची लहान चौकोनी पुडी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"चिमूटभरच घातला होता," ते म्हणाले. "रात्री सगळे गेल्यावर. बूच परत नीट लावलं."

दर्शनानं तोंडावर हात घेतला. मासूमा मात्र एकटक त्यांच्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात राग होता, अगदी उघडा.

६

"सकाळी मला खरंच वाटलं की हिनं केलं," आरेकर सांगायला लागले. "राखेनं असं होईल हे डोक्यातच आलं नाही. माझी आई जायच्या आधी तिला हेच दुखणं होतं. आतड्यातून रक्त जायचं. मी डॉक्टर, आणि मला काही करता आलं नाही. ती अंगारा घ्यायची, मी चिडायचो. गेली तेव्हा तिच्या उशाखाली पुडी होती. हे औषध निघायला लागलं तसं वाटलं, एकदा तिच्या देवीला विचारून येऊ. कुणाला कळणार आहे? तुळसाबाईंनी राख म्हटलं तेव्हा कळलं मी काय केलं ते. आणि तरीसुद्धा..."

"आणि तरीसुद्धा तुम्ही हिला राजीनामा द्यायला लावणार होतात," मी म्हटलं. मला दया आली होती आणि संतापही आला होता, दोन्ही एकदम. "अंगारा घातलात त्याचं मला काही नाही. माझ्याही कपाटात पुडी आहे. दुपारपासून गप्प बसलात, त्याचं आहे."

"हो," ते म्हणाले. "त्याला माफी नाही."

रितेशनं घसा खाकरला. "पण मॅडम, कंपनीला मी काय कळवू? औषध तर फुटलंच ना."

"इकडे या." मी दोन स्वच्छ बशा मांडल्या आणि मासूमाला चांगली बाटली उघडायला सांगितली. तिनं दोन्हींत थोडं थोडं ओतलं, पिवळंधमक. गंगाकडून आणलेलं लिंबू मी एकीत पिळलं. काही झालं नाही, पिवळं ते पिवळंच राहिलं. दुसरीत आरेकरांच्या पुडीतला अंगारा चिमूटभर सोडला आणि काडीनं ढवळलं. आधी कडेला, मग सगळीकडे लाली पसरली.

"आंबटात मिटून राहते, आंबट संपलं की उघडते," मी रितेशला म्हटलं. "औषधानं हेच करायला हवं ना? सकाळी ते फुटलं नव्हतं. त्याला जे शिकवलं तेच त्यानं केलं, फक्त पोटाऐवजी बाटलीत केलं. कळवा तुमच्या कंपनीला, आणि उरलेल्या दोन बाटल्या घेऊन जा."

रितेश वाकून बराच वेळ त्या दोन बशा बघत होता. मग त्यानं फोन काढून दोन्हींचा फोटो घेतला आणि मासूमाला विचारलं, साल किती वेळात उघडते? ती सांगायला लागली. पहिल्या वाक्याला आवाज अडखळला, दुसऱ्यापासून नाही.

विश्वस्तांची गाडी आली तशी आरेकरांनी ते पत्र खिशातून काढून फाडलं. कोऱ्या कागदावर स्वतःच्या हातानं घडलेलं लिहिलं, अंगाऱ्यासकट, आणि दुपारपासून गप्प बसल्यासकट, आणि सही केली. मी वाचलं. एक शब्द गाळलेला नव्हता.

मग ते दाराबाहेर फळीपाशी गेले. आम्ही मागे होतो. पुडीला त्यांनी दोरा गुंडाळला, गाठ दोनदा सुटली, आणि ती आपल्या चौथ्या खिळ्याला टांगली.

मासूमा बाजूला येऊन उभी राहिली. ती माफ करील असं मला वाटलं नव्हतं, आणि तिनं केलंही नाही. तिनं आपला ताईत काढून गळ्यात घातला, घरी जायची वेळ झाली होती.

"सर," ती म्हणाली, "पुढच्या खेपेला मला आधी सांगा. मी पाच भरीन. एक देवीची वेगळी."

आरेकरांनी मान हलवली. मग चष्मा काढला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी गंगाला हाक मारली आणि साहेबांना बांगडा वाढायला सांगितलं.